‘तू नक्की कुणाच्या बाजूने?’ असं मैत्रिणींनीच विचारलं तर

पत्र थोडक्यात: ताई ४७ वर्षांच्या, अलिबागच्या पुढे समुद्रालगत होमस्टे चालवतात. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ३८ जण, ॲडमिन ह्याच. ग्रुपमधल्या दोघी त्यांच्या जिवाभावाच्या, शाळेत तिघी एका बाकावर. एक रेवदंड्याची, बेने इस्रायली (म्हणजे कोकणातली ज्यू), तिची थोरली बहीण लग्न होऊन इस्रायलमधल्या अश्दोदला गेली ती तिकडचीच झाली. दुसरी मुरुडची, कोकणी मुसलमान, तिचा मुलगा मालवाहू जहाजावर. (गावं आम्ही बदलली आहेत.) ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर रेवदंड्याच्या मैत्रिणीने स्टेटसला इस्रायलचा झेंडा लावला, थोड्या दिवसांनी मुरुडच्या मैत्रिणीने कलिंगडाचं चित्र लावलं. आधी कुणाला अर्थच कळला नाही, एकाने तर किलोचा भाव विचारला. मग कळला, कलिंगडाचे रंग म्हणजे पॅलेस्टाईनच्या झेंड्याचे रंग. मग भांडणं, फॉरवर्ड, ‘एवढा पुळका असेल तर जा ना तिकडेच’ वगैरे जोक. मुरुडची ग्रुप सोडून गेली, रेवदंड्याची ग्रुपमध्ये आहे पण बोलत नाही. दोघींनी वेगवेगळं एकच विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूने? ताईंनी दोघींना लिहिलं, ‘दोन्हीकडे माणसंच मरतायत गं.’ दोघीही भडकल्या. घरात नवरा रोज नवीन फॉरवर्ड टाकतो, पुण्यात शिकणारी मुलगी म्हणते गप्प बसणं म्हणजे सामील होणं. ‘मला खरंच कळत नाही कोण बरोबर. वाचायला घेतलं की डोकं फिरतं. बाजू घेतली तर एक जाणार, नाही घेतली तर दोघी जाणार. ग्रुपवर राजकारण बंद असा नियम करून टाकू का?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी एकाच जागी अडकले. तुम्ही जाता जाता लिहिलंय की रेवदंड्याच्या मैत्रिणीची बहीण सुखरूप आहे हे तुम्हाला तीन आठवड्यांनी कुणाकडून तरी उडत उडत कळलं. तीन आठवडे. अश्दोद गाझापासून फार लांब नाही हो, तिकडे त्या दिवशी सकाळपासून सायरन वाजत होते, आणि ३८ जणांच्या ग्रुपमध्ये ‘ताई कशी आहे’ एवढं कुणी विचारलं नाही. झेंडा त्यानंतर आला, आधी नाही. तुम्हीच दिलेल्या तारखांवरून सांगतेय.

दुसरीचंही तसंच. गाझातल्या मुलांचे फोटो बघून तिला झोप लागत नव्हती हे तुम्हाला माहीत होतं कारण ती रात्री दोन वाजता तुम्हाला मेसेज करायची. ग्रुपवर तिला ‘जा तिकडे’ म्हटलं गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत ते पत्रात नाहीये, म्हणजे बहुतेक काहीच केलं नसणार. रागावू नका, मी पण तशीच आहे, पुढे सांगते.

तर माझी पहिली शंका ही की त्या दोघींनी ‘कुणाच्या बाजूने’ विचारलं तेव्हा त्यांना इस्रायल झालं त्या १९४८ सालावर तुमचा निकाल खरंच हवा होता का? मला वाटतं त्या विचारत होत्या की माझ्यावर वेळ आली तेव्हा तू कुठे होतीस. आणि त्याला तुम्ही उत्तर दिलंत ‘दोन्हीकडे माणसंच मरतायत’. वाक्य खरं आहे, शंभर टक्के खरं आहे, पण ज्याच्या घरात सुतक आहे त्याला जाऊन ‘मरण कुणाला चुकलंय’ म्हणण्यासारखं ते झालं.

आता ‘मला कळत नाही कोण बरोबर’ ह्याकडे येऊ, कारण असं लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, गेल्या दोन वर्षांत ह्या धाटणीची बरीच पत्रं आली. आपण कोकणातली माणसं, जमिनीचे दावे आपल्याला शिकवायला नकोत. प्रत्येक घरात एक तरी फाईल असते, सातबाऱ्यावर सामायिकात १४ नावं, कूळ कायद्यात गेलेला तुकडा, मुंबईचा चुलता एक सांगतो आणि वाडीतला दुसरं सांगतो, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. आज्याने लावलेला दावा नातू चालवतो. ही झाली दिवाणी. पण समजा त्या दाव्यातल्या एकाने रात्री जाऊन दुसऱ्याची पेंढ्याची उडवी पेटवली, गोठ्यातली गुरं होरपळली. तर आपण काय म्हणतो? थांबा, आधी बांध कुणाचा ते ठरू दे, मग आग लावणं चूक की बरोबर ते बघू? असं कुणी म्हणत नाही. ती फौजदारी झाली, ती वेगळी लागते, आणि त्यात ‘ह्याच्या आज्याने माझ्या आज्याला फसवलं होतं’ हे कारण म्हणून ऐकतात, माफी म्हणून नाही.

तुमच्या ग्रुपवर सगळे दिवाणी आणि फौजदारी एकाच फाईलीत घालून भांडतायत.

दिवाणी बघा. १९४७ मध्ये युनोने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला, भारताने विरोधात मत दिलं. १९४८ मध्ये इस्रायल झालं आणि त्या लढाईत सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरंदारं सोडून पळाले किंवा हाकलले गेले, कित्येक घराण्यांत त्या घराची किल्ली अजून जपून ठेवलेली आहे. पुढच्या काही वर्षांत इराक, येमेन, मोरोक्को अशा देशांमधून लाखो ज्यू पिढ्यान्‌पिढ्यांची घरं मागे टाकून इस्रायलला आले, त्यातल्याही पुष्कळांना जायला जागा दुसरी नव्हती. १९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँक इस्रायलच्या ताब्यात, तिथे वसाहती वाढतच चालल्या. आपल्या सरकारचंच बघा, इस्रायलला मान्यता १९५० मध्ये, पूर्ण राजनैतिक संबंध थेट १९९२ मध्ये, मधे १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता. दिल्लीतल्या भल्याभल्यांना जिथे ४२ वर्षं लागली तिथे तुम्हाला होमस्टेचं बुकिंग सांभाळत रात्री अकरा वाजता यूट्यूब बघून निकाल लागत नाही ह्यात लाजण्यासारखं काय आहे? दिवाणीत ‘माझा अभ्यास नाही’ म्हणायला हरकत नाही. किंवा अभ्यास करून एकीकडे झुकायलाही हरकत नाही. मी स्वतः झुकलेली आहे, कुठे ते सांगत नाही कारण मग पुढचं तुम्ही त्याच चष्म्यातून वाचाल.

पण फौजदारीत ‘गुंतागुंतीचं आहे’ हे उत्तर चालत नाही. ७ ऑक्टोबरला हमासच्या लोकांनी घराघरात शिरून, नाचगाण्याच्या कार्यक्रमात शिरून माणसं मारली, सुमारे १,२०० मेले, बहुतेक साधे नागरिक, आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेले, त्यात म्हातारे, तान्ही मुलं. हे दुष्कृत्य आहे, ते म्हणायला १९४८ चा निकाल लागत नाही. त्यानंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझात मेलेल्यांचा तिथल्या आरोग्य खात्याचा आकडा ६० हजारांच्या कितीतरी पुढे गेला. त्यात लढणारे वेगळे काढलेले नाहीत हे खरं, पण बायका-मुलांची संख्या त्यात हजारोंनी आहे. मार्च २०२५ पासून तर जवळजवळ अकरा आठवडे इस्रायलने अन्नाच्या गाड्याच आत सोडल्या नाहीत. लाखो लोकांचं जेवण अडवणं हेही दुष्कृत्य आहे, आणि ते म्हणायला हमास आवडायला लागत नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ ला अटकेची वॉरंटं काढली ती इस्रायलचे नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट ह्यांच्यावर काढली आणि त्याच दिवशी हमासचा लष्करी प्रमुख मोहम्मद दैफ ह्याच्यावरही काढली. बांध कुणाचा ह्यावर त्या न्यायाधीशांनी काही म्हटलेलं नाही.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल की असं दोन्हीकडे बोट दाखवणं म्हणजे पळवाट, सगळं सारखंच करून टाकणं. नाही हो. सारखं आहे असं मी म्हटलेलंच नाही. दोन फौजदारी खटल्यांत शिक्षा वेगवेगळी असू शकते, एक मोठा असतो एक लहान, एकाच्या हातात रणगाडे आणि विमानं असतात दुसऱ्याच्या नसतात, हे सगळं तोलायचंच असतं. फक्त एक चालवायचा म्हणून दुसरा फाईलीतून काढून टाकायचा नसतो.

आणि आपल्या बाजूच्या माणसाला ‘हे नको’ म्हटलं की आपण बाजू सोडली असंही होत नाही. आपलं महाड आठवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, बाजू घेतली का? इतकी स्वच्छ बाजू क्वचितच कुणी घेतली असेल. नंतर अफवा पसरवून परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालवल्या गेल्या, आणि सत्याग्रहींमध्ये पलटणीतून परत आलेले गडी होते, त्यांना उलटून मारणं काही अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. त्यांची मागणी त्याने एक इंचही मागे गेली नाही. आणि गंमत बघा, मारणाऱ्यांपैकी काहींना त्याच वर्षी शिक्षा झाली, तळ्याचा दिवाणी दावा मात्र हायकोर्टात संपायला १९३७ साल उजाडलं.

आता माझं. १९९३ मध्ये मी श्रीवर्धनच्या बाजूला होते, कॉलेज नुकतंच संपलेलं. त्याआधी डिसेंबर-जानेवारीत मुंबईत दंगली, ९०० च्या आसपास माणसं मेली, मग १२ मार्चचे स्फोट, २५७ मेले, आणि मग कळलं की आरडीएक्स आपल्याच किनाऱ्यावर, शेखाडीला उतरलं होतं. तेव्हा रमजान चालू होता आणि दोन आठवड्यांवर ईद. आमच्या शेजारच्या घरी आम्ही लहानपणापासून ईदला शिरखुर्मा प्यायला जायचो, त्या वर्षी गेलो नाही. कुणी काही बोललं नाही, भांडण नाही, काही नाही, नुसतं गेलो नाही. आमच्या शेजारच्या चाचींनी दुपारपर्यंत वाट बघितली आणि मग डबा घेऊन त्याच आमच्या दाराशी आल्या. आईने डबा घेतला. मी आतल्या खोलीत बसून राहिले. त्यांनी काय केलं होतं? काहीच नाही. मला वाटत होतं मी कुठलीच बाजू घेत नाहीये, मी तर नुसती खोलीत बसलेय. पुढे टाडा कोर्टात दोषी ठरलेल्यांत कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही होते, पैसे खाऊन माल सोडणारे. त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या जातवाल्यांच्या घरचा फराळ बंद केला का? मी तरी ऐकलेलं नाही.

म्हणून तुमच्या ग्रुपबद्दल मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. तिथे दोघींना दूरच्या माणसांचा हिशोब द्यायला लावला जातोय, तो अन्याय दोघींवरही आहे. पण सारखा नाही. रेवदंड्याच्या मैत्रिणीचं दुःख कुणी विचारलं नाही, उलट तिच्या झेंड्याखाली ज्यांनी अंगठे दिले त्यातल्या कित्येकांना इस्रायलचं काही पडलेलं नाही, त्यांना मुरुडवालीला टोचायला एक काठी मिळाली. हे रेवदंड्यावालीला कळत नसेल असं समजू नका, बहुतेक म्हणूनच ती गप्प आहे. आणि मुरुडच्या मैत्रिणीला तर स्वतःच्या गावात ‘जा तिकडे’ ऐकावं लागलं.

शिवाय त्या दोघी ज्या बाजूंच्या म्हणून ओळखल्या जातायत त्या बाजू तरी सरळ आहेत का? मुरुडची गाझासाठी रडत होती तेव्हा तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखातात येमेनमधले हूथी बंडखोर गाझाचंच नाव घेऊन जहाजांवर मिसाइलं सोडत होते, आणि तिचा मुलगा जहाजावर. ६ मार्च २०२४ ला ट्रू कॉन्फिडन्स नावाच्या जहाजावर मिसाइल पडलं, तिघे खलाशी मेले, दोन फिलिपिनो एक व्हिएतनामी, ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. २१ जणांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने वाचवलं. ती आई त्या रात्री कुठल्या बाजूने असेल सांगा. आणि रेवदंड्याच्या मैत्रिणीला विचारा, तिच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल की इकडून तिकडे गेलेल्या बेने इस्रायलींना तिथल्या धर्मगुरूंनीच ‘तुम्ही खरे ज्यू का’ म्हणून लग्नांसाठी चौकशा लावल्या होत्या, १९६४ पर्यंत आंदोलनं करावी लागली. ह्या युद्धातही ओलिसांचे नातेवाईक तेल अवीवच्या रस्त्यावर स्वतःच्याच सरकारविरुद्ध उभे होते. देश म्हणजे एक तोंड नसतं.

(मधेच आठवलं म्हणून. रेवदंड्यावालीच्या घरी प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा होत असेल, मुरुडवालीकडे फातेहाला मलिदा होत असेल. जिन्नस वेगळे, शब्द एकच. ह्यावरून काही सिद्ध होत नाही, मलिदा एकच असलेल्या लोकांनीही एकमेकांना मारलेलं आहे. पण तुम्ही शाळेत दोन्ही खाल्ले असणार.)

मुलगी म्हणते गप्प बसणं म्हणजे सामील होणं. अर्धी बरोबर आहे पोरगी. जिथे आपला शब्द चालतो तिथे गप्प बसणं म्हणजे सामील होणं. तुमच्या स्टेटसने ना गाझाचं नाकं उघडलं असतं ना ओलीस सुटले असते, तरीही मनापासून लावायचं असेल तर जरूर लावा, मी अडवत नाही. पण ३८ जणांच्या ग्रुपवर ‘जा तिकडे’ हा मेसेज तुम्ही एका बोटाने डिलीट करू शकत होतात, ॲडमिनला ती सोय असते, आणि टाकणाऱ्याला सांगू शकत होतात की बाबा ही आपली वर्गमैत्रीण आहे. तिथे तुमची सत्ता होती.

म्हणूनच ‘राजकारण बंद’ हा नियम आत्ता नको. दोन वर्षं सगळं चालू दिलं आणि एक जण निघून गेल्यावर बंद केलं तर ते जोक मारणाऱ्यांच्या सोयीचं दिसेल. आधी ग्रुपवर दोन ओळी लिहा की जे बोललं गेलं ते चुकलं आणि ॲडमिन म्हणून मी थांबवायला हवं होतं. नियम करायचाच तर एवढा करा की इथे बसलेल्या कुणालाही दुसऱ्या देशातल्या कुणाच्या कृत्याचा जाब विचारायचा नाही, आणि मेलेल्या मुलांचे फोटो कुठल्याच बाजूने टाकायचे नाहीत. त्यातले काही सीरियाचे, काही दहा वर्षांपूर्वीचे निघतात, आणि जे खरे असतात ती कुणाची तरी पोरं असतात, आपल्या भांडणातला पुरावा नव्हे. तुम्ही स्वतः काही पाठवण्याआधी वाक्यातली दोन्ही नावं उलटी करून बघा, तरीही पाठवावंसं वाटलं तर पाठवा.

दोघींशी मात्र ग्रुपवर नाही, फोनवर बोला, आणि वेगवेगळं. तिघींनी एकत्र बसायची घाई नको, ते झालं तर वर्षभरात आपोआप होईल. बोलताना एक पथ्य पाळा, ‘पण’ म्हणायचं नाही. ‘तुझ्या बहिणीचं कळल्यावर मी लगेच विचारायला हवं होतं, पण तिकडे गाझातही…’ असं केलंत की पहिला अर्धा भाग पुसला गेला. ‘पण’ नंतरचं सगळं खरं असलं तरी ते दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा, एखाद्या दिवशी तीच विचारेल.

रेवदंड्याला असं काहीतरी: ‘त्या ऑक्टोबरमध्ये ताई कशी आहे हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता कशी आहे? तिची मुलं?’ आणि ऐका.

मुरुडला: ‘तुला ग्रुपवर जे बोलले तेव्हा मी ॲडमिन असून गप्प बसले, त्याची मला लाज वाटते. मुलगा कुठल्या बंदरात आहे सध्या?’ आणि ऐका.

पुन्हा तोच प्रश्न आलाच, की कुणाच्या बाजूने, तर टाळू नका. सांगा की जमिनीचा निकाल मला लावता येत नाही, पण ७ ऑक्टोबरला जे केलं ते भयंकर होतं आणि गाझातल्या लोकांना उपाशी ठेवून मारलं तेही भयंकर आहे, आणि ही दोन्ही वाक्यं मी तुला जशी सांगतेय तशीच तिलाही सांगणार आहे. कदाचित एक चिडेल. कदाचित दोघी चिडतील. पण ह्या वेळी निदान तुम्ही खरं काय वाटतं ते सांगितलेलं असेल, आधीचं वाक्य तुम्ही विषय संपावा म्हणून लिहिलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं.

राहता राहिले तुमचे मिस्टर. त्यांच्याशी आकडे आणि लेख घेऊन वाद घालू नका, त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त फॉरवर्ड असतील. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की जून २०२० मध्ये निसर्ग वादळात होमस्टेचं छप्पर उडालं तेव्हा पत्रे कुठेच मिळत नव्हते, मुरुडवालीच्या भावांनी टेम्पोत घालून आणले आणि तीन दिवस रेवदंड्याहून सगळ्यांचं जेवण येत होतं. शिडी कोण धरून उभं होतं तेवढं लिहायचं राहिलंय. त्यांनाच विचारा एकदा, पुढचं फॉरवर्ड यायच्या आत.